डेकवरची शेजारीण

मुलांनो, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई यंदा क्रूझवर माझ्याबरोबर होत्या. सोसायटीत कुणाचे वाळत घातलेले कपडे खाली पडले, की त्या घडी घालून दारात नेऊन देतात. बोटीवर विश्रांतीच्या दिवशीही त्या लोकांनी टाकलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत बसल्या.

"अहो, राहू द्या. त्याला माणसं आहेत इथे."

"बसून अंग आंबतंय, ताई. घडी घालाया इंग्रजी कुठं लागतंय?"

तेवढ्यात एका परदेशी बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, "या तुमच्याबरोबर आहेत का?"

मी "नो" म्हणाले.

तेवढं इंग्रजी शेजारीणबाईंना कळत होतं. त्यांनी हातातली घडी पुरी केली, माझ्याशेजारची आपली खुर्ची उचलून लांब नेली आणि म्हणाल्या, "हितं वारं चांगलं हाय."

वारा दोन्हीकडे सारखाच होता.