निजायला आलेली पाहुणी

पाहुणे येणार असल्याचं पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मनात म्हटलं, प्रभू, आता हे आणखी कशाला? नगर जिल्ह्यातल्या एका गावची मंडळी आणि आमची बडोद्याची मराठी मंडळी यांचं जुनं नातं आहे. त्यांच्याकडे दुष्काळ पडला तेव्हा आम्ही पाण्याच्या टँकरसाठी पैसे पाठवले होते. आता आमच्याकडे पाणी नको तेवढं झालं, म्हणून ते बस करून आमचं चर्च धुवायला येणार होते. चांगलीच गोष्ट होती. पण मदतीला येणाऱ्यालाही जेवू घालावं लागतं, आणि दारी आलेला माणूस उपाशी जाता कामा नये, याबद्दल आमच्या महिला संघात कधी दुमत नसतं. चर्चला लागून घर माझं, धड राहिलेला ओटा आणि गॅसही माझाच. तेव्हा स्वयंपाक कुठे करायचा, हे मला विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

मी थकले होते, आणि तो थकवा कामाचा नव्हता. विश्वामित्री नदीचं पाणी पहाटे घरात शिरलं तेव्हा आम्ही दोघं गाढ झोपेत होतो. नेहमीसारखी उठायला म्हणून मी पाय खाली टाकला, तो पोटरीभर पाण्यात. पुढचं सगळ्या बडोद्याने पाहिलं आहे. शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढलेले दिवस, सोसायटीच्या फाटकाशी फिरून गेलेली मगर, पाणी उतरल्यावर रस्ताभर टाकलेले फुगलेले सोफे आणि बंद पडलेले फ्रिज. वस्तू गेल्याचं मला फार वाटलं नाही. माणसं राहिली ना, म्हटलं. पण झोप गेली ती गेलीच. डोळा लागतोय असं वाटलं की दचकून जागी व्हायचे आणि पलंगावरून हात खाली सोडून फरशी चाचपायचे. कोरडी असायची. तरी थोड्या वेळाने पुन्हा चाचपायचे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती मी घेतलीच नाही. मी झोपले तर पाण्याकडे लक्ष कोण ठेवणार? आमचे हे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. ते म्हणायचे, "अगं, मी आहे ना." पण ते तर त्या पहाटेही होतेच.

मुलगा बडोद्यातच गोत्रीला राहतो, चौथ्या मजल्यावर. घराला कुलूप घाला आणि कायमचे इकडे या, असा त्याने लकडा लावला होता. ह्यांनी फंडाच्या पैशांतून बांधलेलं घर. सोडायचं म्हटलं की ते अंगणात जाऊन उभे राहायचे. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत नव्हतं असं नाही, पण माझ्यातलं त्राण संपलं होतं. पाहुणे गेले की मुलाला हो सांगायचं, असं मी ठरवून टाकलं. प्रार्थना करत होते, नाही असं नाही; पण डोळे मिटले तरी एक कान दाराकडे असायचा. वर्षानुवर्षं रविवारच्या शाळेत मुलांना "देवावर भार टाका" असं शिकवत आलेली बाई मी. माझी मलाच लाज वाटायची.

पाहुणे सकाळी आले, खराटे, बादल्या, चुना आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्यांची चळत घेऊन. "सलाम ताई, सलाम" करत बायका पदर खोचून चर्चमध्ये शिरल्यासुद्धा. मागून काठी टेकत एक म्हातारी उतरली. तिला सगळे आत्याबाई म्हणत. कंबरेत वाकलेली, हात थरथरणारे. बादली तर सोडाच, तांब्याही तिला धड उचलवत नव्हता. एवढ्या लांबच्या प्रवासाला हिला कशाला आणलं, असं मी त्यांच्या पाळकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्हीपण नको म्हटलं, पण ऐकतात कुठं! म्हणाल्या, कामाला तुम्ही आहात, मी नुसती येते."

नुसती येते! मला खरं सांगायचं तर रागच आला. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. आत्याबाईंना मी स्वयंपाकघरात खुर्ची दिली. वाटीत वरण दिलं तर एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "बाई, ह्यात गूळ पडलाय का चुकून?" आमच्या बायका हसायला लागल्या. "इकडे असंच असतं, आत्याबाई," मी म्हटलं. "असू दे, असू दे," त्या म्हणाल्या, "जीभ हाय, शिकंल हळूहळू." आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

दुपारी बायका पातेली घेऊन चर्चकडे गेल्या. भात निवायचा होता, तो घेऊन मी मागून जाणार होते. तेवढ्यात आत्याबाई उठून मधल्या खोलीत आल्या. "मी पडते जरा हितं," म्हणाल्या. मी म्हटलं, भिंतींना अजून ओल आहे, वास येतो, इथे कुणाला झोप लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला लागत न्हाई का?"

पाळकसाहेबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, ते सगळं मी या अनोळखी म्हातारीला का सांगितलं कोण जाणे. पहाटेचं पाणी, फरशी, खाली जाणारा हात, सगळं. त्यांनी सुस्कारा टाकला नाही की प्रार्थना कर म्हणून सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "आन् पानी आलंच, तर तू जागी राहून त्याला अडीवणार हाईस व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. पलंग मोकळा असताना आत्याबाईंनी आपली शाल फरशीवर अंथरली. त्याच फरशीवर. दाराकडे पाठ करून आडव्या झाल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. मी तशीच उभी राहिले. पाणी आलं तर आधी हीच भिजणार, हिला उचलणार कोण, या विचाराने मी तिच्या शेजारी खाली बसले. पहारा द्यायला म्हणूनच बसले. तिचं घोरणं जात्यासारखं एका लयीत चाललं होतं. पदराने तिला थोडा वारा घातला, एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिरपं आलं होतं. मी फरशीवर पसरले होते, अंगावर आत्याबाईंची शाल होती. गाल फरशीला टेकलेला, फरशी कोरडी. उंबऱ्यात हे स्टूल घेऊन बसले होते.

"जेवणं झाली?" मी धडपडत विचारलं.

"झाली. पाहुणे निघालेसुद्धा."

"अहो, आणि भात? मला उठवायचं नाही का?"

"आत्याबाईंनी उठवू दिलं नाही. म्हणाल्या, तिला निजू द्या, आता जागं राहायची पाळी तुमची." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. कधीपासून तसे बसून होते, ते त्यांनी सांगितलं नाही. भात पातेल्यात तसाच होता. पाहुण्यांनी म्हणे आपल्या भाकऱ्या सोडल्या आणि आमच्याच मंडळीला पंक्तीला बसवून वाढल्या.

दुसऱ्या दिवशी मी आभाराचा फोन केला आणि आत्याबाईंची शाल राहिल्याचं सांगितलं. त्या दुपारी कशा गाढ झोपल्या, तेही बोलता बोलता निघालं. पाळकबाई चकित झाल्या. "आमच्या आत्याबाई? अहो, त्या दिवसा कधीच पाठ टेकत नाहीत. आजारी असल्या तरी बसून राहतील." त्या दुपारी त्या खरंच निजल्या होत्या की मला निजवायला निजल्या होत्या, ते प्रभूला ठाऊक. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

मुलाला मी हो म्हटलं नाही. नदी चढायला लागली की तुझ्याकडे येऊ, उतरली की परत जाऊ, असं सांगितलं. ह्यांनी ते ऐकलं आणि लगेच भिंतींना रंग कुठला द्यायचा ते विचारायला लागले. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, संतांना जमणारं असेल, असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला ते एवढंच आलं की नदीवर पहारा देणं माझं काम नाही. थकवा अजून आहे, ओलही अजून भिंतीत आहे. पण ज्याने मला निजवायला एवढ्या लांबून एक म्हातारी धाडली, त्याचे उपकार मी कुठल्या तोंडाने मानू?

काल रात्रीही माझा हात झोपेत खाली गेला. बोटांना फरशी लागली. मी हात वर घेतला नाही. "प्रभू, तू जागा आहेस ना," एवढं म्हटलं, आणि त्याचं उत्तर यायच्या आत मला झोप लागली.