दुधाच्या ड्रमातली ज्वारी

गोदाकाकूने एकदा परदेशाला भांडं परत केलं होतं.

आज सकाळी ती गेली.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी चुडाव्याच्या शाळेत तिसरीत. रेल्वेने परदेशातून दुधाची पावडर यायची. पुठ्ठ्याचे मोठे ड्रम, पत्र्याचं झाकण. शाळेत ती पावडर कढईत पाण्यात कालवत आणि आम्ही ओळीने उभे.

काकूची शकू तेव्हा तान्ही. बाळंतपणानंतरच्या तापात काकूचं दूध आटलं. मास्तरांनी एक अख्खा ड्रम तिच्या घरी पाठवला.

शकू जगली.

ड्रम रिकामा झाला तसा गावातल्या निम्म्या घरांचा त्यावर डोळा. धान्य ठेवायला इतकं चांगलं भांडं कुठे मिळणार?

काकूने तो पुसला, उन्हात ठेवला आणि आपल्या रानातल्या ज्वारीने काठोकाठ भरला.

"काय करायलीस?" काकांनी विचारलं.

"भांडं परत द्यायचंय."

"सातासमुद्रापल्याड तुझं माहेर हाय व्हय?"

"लेकराला दूध दिलं त्यायनं. माहेर अजून काय येगळं करतं?"

शेजारून आलेली वाटी आमच्याकडे रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. काकूने फक्त वाटी आणि ड्रम यांत फरक केला नाही.

मदत वाटणाऱ्या संस्थेची परदेशी बाई एकदा जीपने शाळा बघायला आली. काकांनी कुरकुरत ड्रम बैलगाडीत घातला. काकू शकूला कडेवर घेऊन पुढे.

मास्तर इंग्रजीत बोलले. बाई हसली, नको म्हणून मान हलवली.

"त्या म्हणतात, यंदा पाऊस कमी झालाय. तुमालाच लागंल. ठिवून घ्या."

काकूने पदर सावरला. तिचा आवाज चढला नाही.

"त्यायला सांगा मास्तर, मी भीक घेतली न्हाई. शेजारणीकडून दूध आणलं. आता शेजारीण आमच्या घरचं न्यायला न्हाई म्हणली, तर ह्या लेकराला मी काय सांगू? तू भिकंवर जगलीस म्हणून?"

मास्तर थांबत थांबत ते सांगत राहिले. बाईचं हसू गेलं.

तिने ड्रममध्ये हात घातला, मूठभर ज्वारी वर काढली आणि मास्तरांकरवी विचारलं, "याचं काय करतात?"

"चला की घरी. दावते."

काकूने चुलीशी बसून भाकरी थापली. अंबाडीची भाजी, वरून करडईचं तेल, बाजूला कांदा. बाई मांडी घालायला धडपडली, पण बसली. दुसरी भाकरी तिने मागून घेतली. काका दारातून म्हणाले, "आता न्हाई म्हणायचं तोंड ऱ्हायलं न्हाई त्यायला."

ड्रम जीपमध्ये चढला.

तो पुढे कुठे गेला, आम्हाला कधीच कळलं नाही. मी विचारलं, तर काकू म्हणाली, "शेजारणीनं काय केलं ते शेजारीण बघंल."

पुढे मी पेपरात नोकरीला लागलो. कुठल्या दूरच्या देशात पूर, भूकंप झाला, आम्ही मदतीचं आवाहन छापलं, की गावाहून काकूचं ज्वारीचं गाठोडं येई. धान्य पाठवता येत नाही, असं मी सांगितलं.

"मंग इकून पैसे पाठव. पर आपल्या रानातलीच हाय म्हणून सांग त्यायला."

मी सांगितलं नाही. सांगायचं कुणाला?

आज काकूच्या घरात चूल पेटलेली नाही. गल्लीतून पिठलं-भाकरी आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शेजाऱ्यांचे डबे, पातेली, परडी.

काकूची सून ती घासून ठेवत होती. "उद्या देऊन टाकू का?"

शकू भिंतीला टेकून बसली होती. नातवंडं आहेत आता तिला.

"सुतक फिटू दे," ती म्हणाली. "मी ज्वारी काढते."

काकू, सावकाश जा. भांडी पोचतील.