तीन नंबरचा आकडा

कोडोलीच्या शालूबाई चौगुले कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं शिपाई होत्या. शिक्षण सातवी. पण टेबलाभोवती अर्धवर्तुळात मांडलेले पाच गॅमा डिटेक्टर त्यांना घरच्या भांड्यांसारखे ओळखीचे. मधोमध कोबाल्टचा किरणोत्सर्गी सोर्स ठेवायचा, शर्टाच्या बटणाएवढा. त्यातून एकापाठोपाठ दोन किरण निघतात. पहिल्याशी दुसरा किती कोन करून गेला, ते या पाचांनी टिपायचं. रोज सकाळी सोर्स शिशाच्या पेटीतून बाहेर काढण्याआधी पाचांचे नुसते आकडे वहीत उतरवायचे, हे काम शालूबाईंचं.

त्या गुरुवारी प्रयोग घेणाऱ्या सुष्मिता मॅडमनी ती पेटी उघडली. आत काहीच नव्हतं.

सोर्स अशक्त होता, लगेच कुणाला इजा झाली नसती. पण हरवला म्हणजे वर कळवायचं, चौकशी, प्रयोगशाळेला टाळं. किरण मोजायचं हातातलं मीटर नेमकं तपासणीसाठी बाहेरगावी गेलेलं. विभागप्रमुख सोमशेखर सर धावत आले.

"मावशी, काल संध्याकाळी झाडलं कुणी?"

"मीच की."

"कचरा कुठाय?"

"सकाळीच घंटागाडीत गेला."

सुपलीत बटणासारखं काही आलं होतं का? शालूबाईंना आठवेना. सरांनी वर कळवायला फोन काढला, तशी शालूबाईंची नजर वहीवर गेली.

"सर, थांबा. तीन नंबर वाढलाय."

"मशीन बिघडलं असेल."

"न्हाय बिघडलं. रोज चाळीसच्या आसपास असतोय, आज एकशे दहा हाय. बाकीचं चार हायत तसंच. सोर्स गाडीत गेला असंल, तर ह्यो काय बघतोय?"

मॅडम तीन नंबरच्या मागं वाकल्या. त्याचं तोंड टेबलापलीकडच्या भिंतीकडं होतं. तिथं खुंट्यांवर अ‍ॅप्रन लटकत होते. मॅडमनी डिटेक्टर जरा वळवला, आकडा पडला. परत जागेवर आणला, चढला.

"एकेक अ‍ॅप्रन बाहेर न्या," त्या हळूच म्हणाल्या.

पहिला नेला. एकशे आठ. दुसरा. एकशे बारा. तिसरा दाराबाहेर गेला आणि पडद्यावर एक्केचाळीस आलं.

अ‍ॅप्रन सरांचा होता. खिशात सोर्सची बटणाएवढी चकती.

"काल आवरताना फोन आला, तसाच खिशात टाकला..." सर स्टुलावर बसले. मॅडमनी चकती चिमट्यानं उचलून पेटीत ठेवली, कुलूप लावलं.

दुपारी सरांनी नोंदवहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'शोध घेतला असता सोर्स सापडला.'

शालूबाई दारातच उभ्या होत्या. "कुणी शोधला ते बी लिवा की, सर. आन् कुणाच्या खिशात, ते बी."

सरांनी दोन्ही ओळी लिहून खाली सही केली आणि पेन पुढं केलं. "मावशी, तुमचीही सही पाहिजे."

शालूबाईंनी पूर्ण सही केली, आडनावासकट.