देवीच्या छतावरचं फूल

तीन ऑक्टोबर. दसऱ्यासाठी माळा झाडताना कापड छापायचा लाकडी ठसा हाती लागला. लोणच्याच्या बरणीवर आम्ही तो दाब म्हणून ठेवायचो. अजून मोहरीचा वास येतो.

आम्ही म्हैसूरचे मराठी रंगारी. इथं सगळ्यांत आधी आलेल्या घराकडे देवीच्या पहिल्या आरतीचा मान. मी दहा वर्षांची असताना वडील गेले आणि भाऊबंदांतले रामूकाका देवळात म्हणाले, "तुमचं घर मागून आलं. मान आमचा."

"सुम्मने, उगाच वाद कशाला?" आत्या म्हणाली. "पहिल्या घरानं छापलेलं कापडी छत देवीवर आहेच की."

तिनं घरून बरणीवरचा आमचा ठसा आणला आणि रंग लावून तो पांढऱ्या पंचावर दाबला. उमटलेल्या फुलाला एक पाकळी कमी होती. सगळ्यांनी वर पाहिलं. छतावरच्या प्रत्येक फुलाला तीच पाकळी नव्हती.

"अय्यो, लोणच्यातून पुरावा काढलास," काका म्हणाले.

"मुरलेला आहे," आत्या म्हणाली.

ठसा छताशी आधी कधीच ताडून पाहिला नव्हता, हे तिनं घरी येताना सांगितलं. तेव्हा मला ठशाचा अभिमान वाटला. आज त्या धाडसाचा वाटतो.

त्या वादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं पहिली आरती केली. मी तबक धरलं आणि काकांना मागं सरकायला सांगितलं.