पान उलटायचं राहिलं

आमचा नातू किती छान वाचतो, हे चार घरी मीच सांगून आले होते. तेव्हा पुढचंही मीच सांगायला हवं.

तो नववीत होता. ओटीवर बसून मराठीचा धडा मोठ्यानं वाचायचा. ओळीखालून बोट फिरायचं, आवाजात चढउतार सगळा. मी समोर वालाच्या शेंगा सोलत ऐकत होते. धडा संपत आला, पण पान काही उलटलं नाही. बोट आपलं तळाला जाऊन पुन्हा वर यायचं आणि फिरायला लागायचं.

ही चोरी मी लगेच ओळखली, कारण ती माझीच. मी लग्नात धवले गाते, हळदीपासून नवरी निघेपर्यंतची गाणी. सगळी तोंडपाठ. पण शिकलेल्या पाहुण्या आल्या की मांडीवर वही उघडून बसायची, तेव्हा अक्षर एक येत नसताना. वही पुतण्याची, गणिताची. एकदा नवरीच्या मावशीनं डोकावून विचारलंन, "वहिनी, धवल्यात बेरजा कशा?"

मी नातवाला म्हटलं, "बाला, पुढचं पान तुझा बापूस वाचणार का?"

त्यानं पुस्तक मिटलं. "ताई एकदा वाचून दाखवते. मग मला येतंय."

"आणि वर्गात?"

"वर्गात बाई पोरींना उठवतात. आमी मागं बसतो. गप बसलो की बाई खूश."

बाईंना काय बोलू? घरात तरी काय वेगळं होतं? त्याच्या बहिणीला एक शब्द अडला की तिघं धावायची. याचं मात्र, पोरगा हाय, येईल आपोआप. कुणाची हळद असली की मांडवाचे बांबू धरायला याची शाळा बुडायची, आणि बुडवणारी मीच.

आता वार्षिक परीक्षेत न पाहिलेला उतारा वाचायचा होता. तिथं ताईचं पाठांतर कामाचं नव्हतं.

"नापास झालो तर शाळा बंद," तो म्हणाला. "काकाच्या डंपरवर जाईन."

"जा की. रस्त्यावरच्या पाट्या वाचायला ताईला शेजारी बसव."

मी स्वतः चाळिशीत वाचायला शिकले ती कळंबोलीच्या ट्रकतळावर, भाजी विकताना, उभ्या ट्रकांच्या पाठीवरून. त्यालाही तिथंच नेलं. गावात वाचायला लाजत होता, कळंबोलीत त्याला कोण ओळखतंय? आणि उभा ट्रक बरा असतो, पळत नाही, हसत नाही. दर रविवारी आम्ही एकेका ट्रकामागे उभे. 'आईचा आशीर्वाद' वाचताना तो आशीर्वादापाशी इतका अडला की तोवर आईचा धीर सुटला असता.

एका ड्रायव्हरनं विचारलं, "आजी, गाडी बघताय का?"

"बघतेय. नातवाला वाचता आली तर घेईन."

तो ड्रायव्हर मग आपल्या गाडीवरचं वाचून होईपर्यंत थांबला. दुसऱ्या रविवारी नातवानं एक अख्खी ओळ न अडता वाचली आणि इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मी भाजीवालीशी बोलत असल्याचं सोंग केलं.

परीक्षेच्या दिवशी डबा द्यायचं निमित्त करून मी वर्गाच्या दारात. बाईंनी गोष्टीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. 'परिस्थिती'चे त्यानं तीन तुकडे केले. मागचे सोबती हसले. त्याचे कान लाल झाले, पण त्यानं ते तुकडे पुन्हा जोडले. मग वाक्य अर्ध्यात असताना पान संपलं आणि तो थांबला.

माझा डबा हातातच.

त्यानं पान उलटलं, उरलेलं वाक्य शोधलं आणि पुढं गेला.

बाई मला म्हणाल्या, "अडखळतो, पण खरं वाचतो. दहावीत जाईल."

घरी येताना म्हणाला, "आजी, काकाला सांगू नको, मी डंपरवर येणार होतो ते."

"नाय सांगत. पण उद्या हळद हाय, बांबू धरायला ये."

"शाळा सुटल्यावर येईन," म्हणाला.

मग सकाळी बांबू धरायला मी त्याच्या काकालाच बोलावलं.