हळदीकुंकवाच्या ग्रुपमधून मला काढलं तेव्हा

मला रागीट म्हणतात आणि ते खरंच आहे. आमचे हे होते तोवर राग काढायला हक्काचं माणूस होतं. रेल्वेत गार्ड म्हणून सगळी नोकरी झालेली. मी तणतणायला लागले की हे हिरवा झेंडा दाखवल्यासारखा हात हलवायचे आणि पेपरात डोकं घालायचे. मागच्या माघात हे गेले आणि घरातलं मराठीच थांबलं. मुलगा दिवसभर कामावर, आला तरी हिंदीत बोलतो. त्याला मराठी सगळं कळतं, बोलायचं म्हटलं की अडखळतो. सून मऊरानीपूरची, धान्याच्या आडत्याची मुलगी. गुणाची आहे हो, पण तिच्याशी भांडायचं तर हिंदीत भांडावं लागतं, आणि हिंदीत माझ्या भांडणाला धारच येत नाही.

झाशीत मराठी घरं तशी थोडी. काही पेशवाईत आलेली, इथल्या बोलीत पार मुरून गेलेली. बाकीची आमच्यासारखी रेल्वेच्या नोकरीमागे आलेली. एक घर सिविल लाइंसला, एक लक्ष्मी तालाकडे, एक स्टेशनापलीकडे. पूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायचं म्हणजे ऑटोवाल्या भैयाशी हुज्जत घालून दुपारभर उन्हात हिंडायचं. दारात कुंकू लावायचं, "उद्या या हं" म्हणायचं, माठातलं पाणी प्यायचं की पुढचं घर. वर्षाकाठी तेवढ्याच काय त्या भेटी व्हायच्या.

मग मोबाइलवर ग्रुप निघाला. रेल्वे कॉलनीतल्या एका भुसावळच्या मुलीने काढला. नवऱ्याची बदली होऊन नुकतीच आली होती आणि इथे मराठी कानावर पडत नाही म्हणून कावरीबावरी झाली होती बिचारी. तिला आम्ही ॲडमिनबाई म्हणायला लागलो. चैत्राच्या बोलावण्यासाठी काढला म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं 'हळदीकुंकू'. पण हळदीकुंकू वर्षातून चार दिवस, एरवी त्यात सगळा संसार! पुण्याहून कोण येतंय, गोडा मसाला आणेल का, गुडघ्याला कुठला डॉक्टर चांगला, कोणाच्या सुनेने पुरणपोळीत काय घोळ घातला. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. घरी न जाता बोलावणं? कसलं डोंबलाचं बोलावणं ते! पण बोलून मेसेज पाठवता येतो हे कळलं आणि मी विरघळले. टाइप करायचा मला कंटाळा, बोलायचा कधीच नाही.

हे गेल्यावर पहिले काही महिने मी फोनला हात लावला नाही. मग एका सकाळी चहा एकटीने पिताना असह्य झालं, तेव्हा फोन तोंडाशी धरला आणि बोलत सुटले. काय बोलले? तर शेवग्याच्या शेंगांबद्दल. बाजारात कशा निबर आल्यात, कशा टाकून द्याव्या लागल्या. पाठवल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण थोड्या वेळाने थोरल्या मावशींचं उत्तर आलं.

थोरल्या मावशी म्हणजे लक्ष्मी तालाकडच्या जुन्या घराण्यातल्या. आमच्या सगळ्यांत मोठ्या आणि रीतीभातीला अशा कडक की त्यांच्यासमोर पदर आपोआप सावरला जातो. त्यांचे यजमान कधीचे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे मावशींचं घराबाहेर पडणंच सुटलं होतं. नात त्यांना फोन लावून देते. तर मावशी म्हणाल्या, "निबर शेंगा टाकतात का कोणी? आमटीत उकळून काढायच्या, वास राहतो." एवढंच. पण मी खुदकन हसले. ह्यांच्यामागे पहिल्यांदा हसले. तेव्हापासून रोज सकाळी माझा तोंडाचा पट्टा सुरू. कोणी ऐको न ऐको, मला दिवसातून थोडा वेळ माझ्या भाषेत नांदायला मिळत होतं.

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि पाठोपाठ चैत्र लागला. एके दिवशी ग्रुपवर एकीचा मेसेज आला. मी चष्मा लावेपर्यंत गायब! त्याच्या जागी नुसतं, हा मेसेज डिलीट केला आहे. दुपारी दुसरीचा आला, तोही पुसलेला. संध्याकाळी तिसरीचं तेच. मला वाटलं फोन बिघडला. सुनेला दाखवला. तिने पाहिलं, "मम्मीजी, फोन तो ठीक है" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. माझ्याकडे बघेना. तिला कळलं होतं.

मग मलाही कळलं. चैत्रगौरीची बोलावणी होती ती. बायका सवयीने टाकत होत्या, मग त्यांच्या ध्यानात येत होतं की अगबाई, ह्या पण वाचतात, आणि घाईघाईने पुसत होत्या. सवाष्णींचं बोलावणं विधवेच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून ही सगळी धावपळ. मला खरं तर हसूच आलं. ठरवलं, सकाळी नेहमीसारखं काहीतरी बोलायचं, म्हणजे बिचाऱ्यांचा जीव भांड्यात पडेल. सकाळी फोन उघडला तर बोलायचं बटणच दिसेना. तिथे लिहिलं होतं की ॲडमिनने तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. काढून टाकलं? मी काय दुधातली माशी आहे? आणि हे मला एकटीला दिसलं असेल का? छे! सगळ्या जणींच्या फोनवर गेलं असणार की अमकीने तमकीला काढलं. पेला आपटला, कढईला घासणीने असं घासलं की सून दारात येऊन उभी राहिली. मग मी रडले. रागाने रडले असं सगळ्यांना सांगते, पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आता उद्या सकाळी मी कोणाशी बोलणार होते?

पूर्वीही हे होतच होतं. माझी आई विधवा झाली तेव्हा तिला बोलावणं यायचं थांबलं. कोणी काही बोललं नाही, कोणी काही लिहून दिलं नाही. आमचं दार वगळून बायका पुढे जायच्या आणि आई खिडकीचं दार ओढून घ्यायची. न आलेल्या बोलावण्याशी ती भांडणार कशी आणि कोणाशी? फोनला मात्र असं मुकाट्याने काही करता येत नाही. त्याला कोणीतरी बटण दाबावं लागतं आणि कोणी दाबलं ते तो सांगून टाकतो. म्हणून फोनला शिव्या देता देता मला जाणवलं, की माझ्यापाशी आईला कधीच न मिळालेली गोष्ट आहे. माझ्यापाशी दार आहे, जाऊन ठोठावायला.

"मुझे रेलवे कॉलोनी जाना है," मी सुनेला म्हटलं. तिने लगेच स्कूटीची चावी घेतली.

ॲडमिनबाईने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहराच उतरला. मी घरातून निघतानाच वाक्यं जुळवून आणली होती, चांगली झणझणीत. "का गं, कधीपासून एवढी शहाणी झालीस?" एवढंच म्हटलं आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"काकू, तुम्हाला टोचू नये म्हणून हो! रोज ती बोलावणी, ते सवाष्णींचे फोटो. माझे बाबा गेले तेव्हा शेजारी हळदीकुंकू असलं की आई मोरीत जाऊन रडायची. मी पाहिलंय. मला वाटलं, तुम्हाला दिसायलाच नको."

आता हिच्यावर काय ओरडणार? पोर खोटं बोलत नव्हती. मायेनेच केलं होतं तिने, आणि मायेनेच माझी मान कापली होती. मी तिच्या सोफ्यावर बसले.

"तुझी आई का रडायची गं?" मी विचारलं. "शेजारी हळदीकुंकू होतं म्हणून, की त्याला तिला बोलावलं नव्हतं म्हणून?"

ती डोळे पुसायची थांबली. "मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली.

तिथल्या तिथे तिने मला परत ग्रुपमध्ये घेतलं. पण ग्रुप असा मुका झाला की काही विचारू नका! ना बोलावणी, ना मसाले, ना गुडघे. सगळ्या जणी माझ्याशी काय बोलावं ह्या भीतीने गप्प. मीही दोन सकाळी फोन नुसता हातात धरून बसले. काढलं होतं तेव्हा निदान राग तरी होता, आता तर भरल्या घरात कोणी ओळख देत नाही असं झालं. थोरल्या मावशींचाही आवाज नाही. मग मात्र मी वैतागले. फोन तोंडाशी धरला आणि म्हणाले:

"हे बघा गं बायांनो. शुक्रवारी संध्याकाळी चैत्राचं हळदीकुंकू माझ्या घरी आहे. कुंकू माझी सून लावेल, डाळ आणि पन्हं मी करणार आहे. मला कुंकू नको, वाण नको, काही नको. मला मराठीत बोलायला माणसं हवी आहेत. मी ह्या गावात मुकी होऊन मरणार नाही. ज्यांना चालत असेल त्यांनी या, नसेल त्यांनी येऊ नका, पण मेसेज पुसत बसू नका."

सगळ्यांनी ऐकल्याच्या खुणा आल्या. उत्तर एकीचंही नाही.

शुक्रवारी मी हट्टाने मोठं पातेलंभर डाळ वाटली. कोणी आलं नाही तर आपणच आठवडाभर खाऊ, असं सुनेला हिंदीत ऐकवलं. तिने गौर मांडली, हरभरे भिजवले, दहा वेळा विचारलं, "पहले हल्दी, फिर कुंकू, ना?" आणि नवी साडी नेसून दाराशी जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघरातच थांबले. खोटं कशाला बोलू, कान दाराशीच होते.

पहिली ॲडमिनबाई आली. मग सिविल लाइंसची आली, स्टेशनापलीकडच्या दोघी आल्या. आधी सगळ्या पाहुण्यांसारख्या अंग चोरून बसल्या. मग एकीने डाळीचा घास घेतला, "काकू, ह्यात साखर घातली की काय?" म्हणाली, दुसरीने तिला खोडून काढलं, आणि बघता बघता असा गलका झाला की मुलगा कामावरून आला तो उंबऱ्यातच थबकला. माझ्या घरात मराठी भांडण चाललं होतं! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

सगळ्यांत शेवटी, नातीचा हात धरून, थोरल्या मावशी आल्या. गलका एकदम थांबला. सून पुढे झाली, त्यांना पाटावर बसवलं आणि कुंकवाचा करंडा उघडला. मावशींनी तिचा हात हळूच बाजूला केला. झालं, माझ्या मनात आलं. आता ह्या सगळ्यांसमक्ष मला रीत शिकवणार.

"डाळ कोणी केली?" मावशींनी विचारलं.

"मी."

"बोलावणं कोणी केलं?"

"मीच."

"मग कुंकूही तूच लाव."

"मावशी, नको हो," मी म्हटलं. "घरी काका आजारी आहेत. असं नका करू."

"त्यांनीच पाठवलंय मला," मावशी म्हणाल्या. "सकाळी तुझी टकळी लावते ना मी, ती ते पडल्या पडल्या ऐकतात. मध्ये तुझा आवाज आला नाही तर विचारायला लागले, ती कुठे गेली? नातीने सांगितलं काय झालं ते. मग म्हणाले, आता माझे दिवस फार नाहीत. मी गेल्यावर तुला कोणी बोलावणार नाही. आत्ताच जा आणि तिच्या हातचं लावून ये."

त्यांनी डोक्यावरचा पदर मागे केला, डोळे मिटले आणि कपाळ माझ्यापुढे केलं.