शिळ्या पाण्याची ओल

भिंतीवर ओल पहिल्यांदा दिसली ती एप्रिलात, आणि तिथंच माझी अक्कल थांबली. पावसाळ्यात भिंत भिजली तर माणूस आभाळाकडं बघतो, दोन शिव्या देतो आणि मिस्त्रीला निरोप धाडतो. पण बाहेर ऊन असं की फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, गल्लीत टँकरचा आवाज आला की माणसं जेवणावरून उठतात. आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत मात्र गुडघ्यापर्यंत ओलीगच्च. धाराशिवात आम्हाला पाणी सापडत नव्हतं आणि पाण्याला आमचं घर बरोबर सापडलं होतं.

त्या भिंतीत कडप्प्याच्या फळ्यांचं कपाट आहे. कॉलेजात शिकवून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या शाली वाटून टाकल्या, पुस्तकं तेवढी त्या कपाटात लावली. शब्दकोशाचे खंड जड म्हणून सगळ्यात खाली. एक खंड ओढला तर शेजारचे दोन त्याला चिकटून बाहेर आले. पानं उघडेनात. अर्धी मराठी भाषा एकजीव होऊन तिची वीट झाली होती.

बायको म्हणाली, "कोश कशाला पाहिजे आता? घरात तुम्हाला चार शब्द पुरतात. चहा, पेपर, चष्मा, कुठंय."

त्या भिंतीपलीकडं एक बोळ आहे, दोन्ही हात पसरले तर दोन्ही घरांना लागतील एवढा. बोळाच्या टोकाला लिंबोणीचं झाड, आणि पलीकडं मास्तरांचं घर. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. ते एक पेपर घेतात, मी दुसरा. दुपारी बोळातून पेपरांची अदलाबदल होते आणि संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून दोन्ही पेपर कसे खोटं बोलतात यावर चहा होतो. दोन्ही घरांची मागची दारं बोळात उघडतात. त्या दारांतून विरजण, मोबाईलचा चार्जर आणि एकमेकांच्या नवऱ्यांबद्दलच्या तक्रारी इकडून तिकडं जात असतात.

आधी आमच्याच घरात शोध झाला. प्लंबरनं फरशी उकरली. आतला पाइप ठणठणीत कोरडा. मोरीत दोन दिवस पाणी सांडू दिलं नाही, तरी ओल तिथंच. मग ती आपणहून थोडी सुकायची, भिंतीवर पांढरा लोणा फुटायचा, मला वाटायचं संपलं. तेवढ्यात पुन्हा खालून काळसर पट्टा चढायला लागायचा. त्याला ना ऊन कळत होतं ना सावली. मी रोज हात लावून बघायचो आणि रोज नवीन मत बनवायचो.

शेवटी भाच्यानं सोलापूरहून एक तज्ज्ञ पाठवला. कंपनीचा शर्ट, काळा चष्मा, हातात यंत्र. यंत्र भिंतीला टेकवलं की शिट्टी वाजायची. कोरड्या भिंतीलाही वाजली. मी माझं टेबल पुढं केलं, तर टेबलालाही वाजली.

"थोडं सेन्सिटिव्ह आहे," तो म्हणाला, आणि चष्मा न काढताच भिंतीकडं बराच वेळ बघत राहिला. "सर, तुमचं घर क्लीन आहे. सोर्स पलीकडं आहे. शेजाऱ्यांचा हौद."

मला बरं वाटलं. आपला दोष नाही हे यंत्रासह कुणी सांगितलं की यंत्रावरचा संशय लगेच कमी होतो. चहा पिऊन तो मास्तरांच्या घरात गेला. म्हटलं, त्यांनाही सांगेल, बरं झालं.

त्या दुपारी पेपर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तरांच्या बेगमनं, म्हणजे भाभींनी, मागचं दार लावून घेतलंय, असं बायकोनं सांगितलं. मी माझा पेपर पाठवला नाही, कारण त्यांचा आला नव्हता. त्यांनी का पाठवला नाही ते मला कळेना.

मग एका संध्याकाळी मास्तर पुढच्या दारानं आले. इतक्या वर्षांत पुढच्या दारानं पहिल्यांदाच. आत येईनात.

"सर, एक अर्ज होता," ते म्हणाले. "तो सोलापूरवाला म्हणत होता, पानी तुमच्या घराकडून येतंय. आमची पण भिंत गेली. बेगमच्या गाद्या त्या खोलीत असतात, सगळ्या भिजल्या."

"मला तर तो म्हणाला, तुमच्या हौदातून येतंय."

मास्तर म्हणाले, "तुमच्या तोंडावर तो तुम्हाला कसं म्हणेल?"

मीही नेमका हाच विचार त्यांच्याबद्दल करत होतो. म्हणजे एकच माणूस दोघांना दोन गोष्टी सांगून गेला, आणि तो खोटारडा असेल असं आम्हा दोन शिकलेल्या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही. दोघांनीही धरलं, की खरं मला सांगितलं आणि दुसऱ्याची मर्जी राखली.

तज्ज्ञानं उपायही सांगून ठेवला होता: बोळ उकरायचा, खाली कसलासा थर द्यायचा आणि मधोमध पुरुषभर उंच भिंत घालायची, म्हणजे कुणाचं पाणी कुणाचं ते कायमचं कळेल.

"मग झाड काढावं लागेल," मास्तर म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं."

मला ते लागलं. झाड त्यांचं, आणि सांगायचं मी? "तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

ते मान हलवून गेले. जाताना चेहरा असा होता, जणू मीच कुऱ्हाड उचलली. मिस्त्री सोमवारी येणार असं ठरलं.

बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. "भिंत घाला, घाला," ती म्हणाली. "तुमची चर्चा बंद होईल ते बरंच हाय. पण मी रात्री-बेरात्री कुणाला हाक मारू? तुम्हाला? तुम्हाला तर दोनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा कळतं."

रविवारी सकाळी नळ आला. आमच्याकडं नळ येणं म्हणजे एक वेगळंच प्रकरण. आधीचं भरून ठेवलेलं सगळं पाणी त्या क्षणी शिळं होतं. कालपर्यंत ज्या टिपाडावर झाकण, झाकणावर वीट, आणि तांब्या कुणी खोल बुडवला याची चौकशी, तेच पाणी नळाचा पहिला खळखळाट ऐकला की पिण्याच्या लायकीचं राहत नाही. टिपाड रिकामं करायचं, घासायचं, नवं भरायचं. हे घरोघर चालतं. नालीत ओतायचं पाप वाटतं, म्हणून बायको ते बोळातल्या लिंबोणीला घालते. मास्तरांच्या झाडाची लिंबं आपण वर्षभर खातो, तेवढं तरी त्याला द्यावं, हा तिचा हिशेब.

त्या दिवशी तिचा गुडघा धरला होता. म्हणाली, "उद्या तोडतेत बिचारीला. शेवटचं पाणी तुम्हीच घाला."

मी दोन बादल्या घेऊन मागचं दार उघडलं. समोरचं दारही उघडलं. भाभींच्या डोक्यावर घागर, मागं मास्तर, त्यांच्या दोन्ही हातांत बादल्या.



"हे काय?" मी विचारलं.

"शिळं पानी," भाभी म्हणाल्या. "झाडाला. आमी दर वेळी नळाच्या दुसऱ्या दिवशी घालतो, नवं पानी निवळल्यावर. पन उद्या झाडच न्हाय, म्हणून आज."

"तुमच्या झाडाला आम्हीही घालतो," मी म्हणालो. "दर वेळी."

"आमच्या?" मास्तरांनी बादल्या खाली ठेवल्या. "सर, झाड तुमचं आहे."

"माझं नाही."

"तौबा! बारा महिने तुमची लिंबं खातो म्हणून तर बेगम पानी घालते. म्हणते, फुकटाचं नको."

दारातून बायको म्हणाली, "आन् मी बघायची का दुसऱ्या दिवशी तिथं चिखल! मला वाटायचं, आपलंच पाणी, अजून मुरलं न्हाय."

"मग लावलं कुणी?" मी विचारलं.

"सरबताच्या बिया टाकल्या असतील कुणीतरी," भाभी म्हणाल्या. "अल्ला जाने."

दोन घरांची दोन-दोन टिपाडं, एक दिवस इकडून, दुसऱ्या दिवशी तिकडून, हात पसरण्याएवढ्या बोळात. एवढ्यानं दोन भिंती भिजतात का? भिजत असाव्यात. मी अजूनही शपथेवर सांगणार नाही. पण मास्तरांनी तिथंच उभं राहून मिस्त्रीला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

राहिल्या चार बादल्या आणि एक घागर. झाडाला घालवेना, नालीत ओतवेना.

"पिऊन टाका की," भाभी एकदम म्हणाल्या. "काल रातच्याला ह्याचाच तर चहा केला."

"पण आता नवं आलंय ना," बायको म्हणाली.

"आलंय. मग ह्याला काय झालं?"

मी बादलीत डोकावून बघितलं. पाणी स्वच्छ होतं. ते शिळं कोणत्या क्षणी झालं, हे मी एवढं वाचूनही सांगू शकलो नाही. शेवटी चादरी धुऊन काढल्या, दोन्ही घरांच्या.

आता ठरलंय: झाडाला एकेका नळाला एकाच घरानं पाणी घालायचं, तेही दोन तांबे. पाळी कुणाची हे लक्षात राहत नाही, तो भाग वेगळा. भिंत सुकत आली आहे असं वाटतं. शब्दकोश उघडलेला नाही.

काल दुपारी लिंबोणीची पानं मला जरा मलूल दिसली. पाळी मास्तरांची होती. इकडंतिकडं बघून मी एक तांब्या ओतला, आत आलो आणि सवयीनं भिंतीला हात लावला. ओल भिंतीची होती की माझ्याच हाताची, ते कळलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून मास्तरांनी पेपर दिला. त्याच्या कोपऱ्यावर ओल्या बोटांचा ठसा होता. मी माझा पेपर दिला, त्यावरही तसाच ठसा उठला.